गळक्या छपराखालचं मतदान

ती. ओपलताई,

वेंडलचा ओल्या मोज्यांसकट नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे कुरकुरत नसतील, भावोजी आणि त्यांचं म्हातारं मांजर धड खात असतील, असं धरून चालतो. इकडे ऑरेगनात आम्ही ठीक. (हे वाक्य लिहून दोनदा खिडकीशी जाऊन आलो.)

या खेपेला मतपत्रिकेवर राज्याच्या अडीनडीच्या निधीचा प्रश्न होता. बऱ्या वर्षात सरकारने थोडं बाजूला टाकावं, म्हणजे वाईट वर्षात कामं बंद पडणार नाहीत. मंदीच्या साली शाळेची बस बंद झाली आणि मी स्टिअरिंग सोडून सात महिने घरी बसलो, ते तुला आठवत असेल. मला ते अजून टोचतं. म्हणून माझं 'हो' मोजलं जायलाच हवं होतं. लोर्ना मात्र म्हणे, "दोन हिवाळे छप्पर गळतंय ते दुरुस्त होईना, आणि निघालाय राज्याला तजवीज शिकवायला. माझं 'नाही'."

टपालाने पाठवायच्या मतपत्रिका नेहमीसारख्या स्वयंपाकघरात भरल्या. त्यांवर नाव नसतं. नाव छापलेलं असतं बाहेरच्या पाकिटावर, सहीही तिथेच. मतपत्रिका पाकिटांत घालणार तेवढ्यात छपरातून धार लागली. लोर्नाने रिकामी पाकिटं उचलली, मी बादली सरकवली, पाकिटं पुन्हा मांडली आणि दोघांनी चष्म्याशिवाय आपापली मतपत्रिका समोरच्या पाकिटात घालून, ते बंद करून सह्या ठोकल्या.

आठ दिवसांनी निवडणूक कचेरीची दोन पत्रं आली. सही जुळत नाही, येऊन फॉर्म भरा, नाहीतर मत बाद. पत्रपेटी मी उघडली होती. ताई, लाज वाटते, पण लोर्नाचं पत्र मी माझ्या गमबुटात खुपसलं. (एक 'नाही' कमी झाल्याने कोणाचं अडणार होतं?)

मग ऐटीत कचेरीत गेलो. खिडकीत आपल्या हार्लनची थोरली, कोरीन. फॉर्मवर सही केली, आणि मग तिने माझं पाकीट दाखवलं. माझ्या नावाखाली लोर्नाची ती वळणदार सही. "झालं काका, हे मत आता मोजणार. काकूंनाही पाठवा, पुढचा गुरुवार शेवटचा," कोरीन म्हणाली. गाडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. पाकिटांची अदलाबदल झाली होती. माझ्या पाकिटातलं तिचं 'नाही' मी स्वतःच्या सहीने वाचवून आलो होतो, आणि माझं 'हो' तिच्या पाकिटात, तिच्या सहीची वाट बघत पडलं होतं.

घरी धावलो. गमबूट दारात उलटा वाळत होता. आत काही नव्हतं. मला विचारवत नाही, आणि लोर्नाचं सूप रोज जास्तच चांगलं होतंय. बसवत नाही, उभं राहवत नाही.

तुझा,
वेंडल

ता. क. पत्राचं खरं कारण: लोर्नाला फोन कर आणि बोलता बोलता म्हण, की मत वाया घालवू नये, गुरुवारच्या आत कचेरीत जाऊन ये. गमबुटाचं नाव काढू नकोस.

ता. क. २. ओपलवन्सं, माझं अक्षर बरं म्हणून पत्ता घालायला वेंडलने हे परवा माझ्याकडे दिलं आणि चिकटवायला विसरला. पाकिटांशी त्याचं जमतच नाही. कचेरीचं पत्र माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. काल जेवताना मी एवढंच म्हटलं, की छप्पर झालं की मला गावात एक सही करायची आहे. आज सकाळपासून वर हातोडा वाजतोय. बुधवारी जाऊन येईन. आणि त्याला कळवू नका, पण माझ्याही मतपत्रिकेवर 'हो'च आहे. ते सात महिने त्याला खिडकीशी बसलेला मीच बघत होते.