साळुबाईचं इरलं

८ एप्रिल, जुन्नर

पोचले एकदाची! खिडकी उघडली की समोर शिवनेरी, खाली टोमॅटोचे क्रेट चढवणाऱ्यांची ओरड. नगर सोडताना वाटत होती ती धाकधूक कुठल्या कुठे गेली. संग्रहालय सांभाळणारे जलालचाचा इथल्या जुन्या, हातकागद बनवणाऱ्या कागदी घराण्यातले. 'अलिझा बेटा' म्हणत त्यांनी आल्या आल्या चहा पाजला. काम मजेचं आहे. जुन्नर, घोडेगाव आणि मंचर इथल्या तीन छोट्या संग्रहांच्या नोंदी एकाच पद्धतीने करायच्या. आज तिन्हींकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि हसू आवरेना. भातलावणीला वाकलेल्या बायका पाठीवर घेतात ते बांबूचं, पानांचं इरलं आमच्याकडे 'इरलं', घोडेगावला 'पावसाळी टोपी' आणि मंचरला चक्क 'पानांचा रेनकोट'!

१५ एप्रिल

घोडेगावच्या बैठकीत ठरलं, वस्तूला तिच्या माणसांचाच शब्द वापरायचा. मग मी हट्टाने आणखी एक नियम घालून घेतला: वापरणाऱ्याचं नाव हवंच. जिकडेतिकडे नुसतं 'आदिवासी स्त्री' लिहून ठेवलंय, जणू त्या बाईला आईबापांनी नावच ठेवलं नव्हतं. सगळ्यांना पटलं. परतताना फार बरं वाटत होतं.

२२ एप्रिल

आज घाटघर. आमचं इरलं देणारे हौशीराम तिथे राहतात. त्यांची बायको ऐन लावणीत ओढ्याच्या लोंढ्यात गेली. इरलं काठावर सापडलं, ती सापडलीच नाही. म्हणून त्यांनी तिचे दिवसही घातले नाहीत. घरात इरलं बघवेना, तेव्हा ते आम्हाला देऊन टाकलं. तिचं नाव विचारलं तर त्यांनी दाराबाहेर ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, त्या इरल्याम्होरं तिचं नाव नगं काढूस. तिला वाटंल म्या हाक मारली. ती येईल, आन मी तिथं नसंन."

त्यांचा मुलगा गोरख जीपने सोडायला आला. गावाबाहेर गाडी उभी करून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "साळुबाई. लिवा म्याडम. आईचं नाव कुठंतरी ऱ्हायला पायजे."

२३ एप्रिल

नोंद केली. आमच्या रीतीप्रमाणे वस्तूसमोर उभी राहून मोठ्याने वाचली, चाचांनी ताडून पाहिली. नाव उच्चारण्याआधी हौशीराम आठवले. पण गोरखचा चेहराही आठवला.

२६ एप्रिल

इरलं ओलं आहे. पानांच्या टोकांवरून थेंब गळतायत, खाली चिखल. भातखाचरात असतो तसा काळा, मऊ. बाहेर रणरणतं ऊन, छत कोरडं, खोलीत नळ नाही. चाचांनी फरशी पुसली. जेवून आलो तर पुन्हा तेच.

२९ एप्रिल

भिंतीकडे तोंड करून टेकवलेलं इरलं आज दाराकडे वळलं होतं. त्याच्याखाली कुणीतरी वाकून बसलंय. दोन पावलं दिसली, पाण्याने पांढरी पडलेली. भरदुपारी. आवाज आला, अगदी दमलेला — "हाक मारली व्हती ना?"

मी मागच्या मागे बाहेर आले. भीतीपेक्षा लाजच वाटली.

१ मे

नोंदीतलं नाव खोडलं. काही उपयोग नाही. ती रोज विचारते. चाचा म्हणाले, ज्याच्यासाठी आली त्यालाच बोलाव. गोरखला फोन केला, सगळं सांगितलं. 'आबास्नी सांगतो,' म्हणाला आणि फोन ठेवला.

२ मे

हौशीराम एकटेच एसटीने आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, रुमालात हिरव्या बांगड्या. माझ्यावर रागावले नाहीत. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटून घेतलं. आतून त्यांचा आवाज — "लई उशीर झाला गं मला." मग बांगड्यांची किणकिण. मग पाणी, ओढ्यासारखं —

दार उघडलं तेव्हा कुणी नव्हतं. एकच दार आहे या खोलीला. वहाणा तेवढ्या होत्या.

४ मे

पोलीस येऊन गेले. चाचा तापाने फणफणलेत, कामावर येणार नाहीत. गोरख आला. मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, नाव तर मीच सांगितलं —

५ मे

गोरख सकाळपासून इरल्यासमोर बसलाय. मी दाराशी, लिहितेय. त्याला विनवलं, हाक तेवढी मारू नका. मान डोलावली त्याने. आता रडतोय, लहान पोरासारखा —

मारली. 'आबा!' म्हणाला, 'आई!' म्हणाला —

इरलं उचललं गेलं. खाली चार पावलं —

दोघांचाही आवाज. इतका मायेचा. "ये रं बाळा, आत ये. भिजशील."

त्याचा चेहरा उजळला. वाकतोय, आत जायला — गोरखभाऊ, नको — मी धरते त्याला, मी —