आभारप्रदर्शन माझ्याकडेच आहे

विश्रांतवाडी, पुणे
२ मार्च १९९७

चि. श्रीधरास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि निमंत्रणपत्रिका, दोन्ही पोचली. आईचे गुडघे बरे आहेत, म्हणजे कुरकुर चालू आहे. माझ्या तब्येतीची चौकशी केलीस, बरे वाटले. त्याबद्दल नंतर.

पत्रिकेचा कागद फार उंची आहे. महिला दिनी तुमच्या विभागाच्या अहवालाचे प्रकाशन, प्रमुख भाषण प्रा. श्रीधर यांचे, आणि तळाशी बारीक टायपात ‘आभारप्रदर्शन : श्रीमती पद्मजा आगाशे, महिला आरोग्य मंडळ’. वर ठळक छापले आहे, ‘संशोधक आणि स्वयंसेवी संस्था यांचा आदर्श सहयोग’. सहयोग म्हणजे डोके तुमचे, वस्ती आमची. चहाही आमचाच.

अहवाल वाचला. वस्तीतल्या पस्तिशीपुढच्या जवळजवळ सगळ्या बायकांची स्तनांची तपासणी झाली, गाठी नगण्य निघाल्या, सबब महापालिकेची फिरती तपासणी गाडी इथून हलवावी. वा! भाषा मात्र सुरेख आहे.

गेल्या वर्षी बायका जमवल्या कशा, ते आठवते ना? मी म्हणत होते, घरोघर जाऊ. तू म्हणालास, “ताई, एवढा वेळ कुठंय? समाजमंदिरात संक्रांतीचं हळदीकुंकू ठेव, बायका आपोआप येतील. वाण आम्ही देतो.” मी म्हटले, विधवा येणार नाहीत रे. तर तू हसलास. “आजकाल कोण पाळतं असलं!”

तू पाळत नाहीस, म्हणून वस्ती पाळत नाही. याला म्हणे संशोधन.

बायका आल्या. कुंकू लावून, पडद्याआड तपासून घेऊन, प्लॅस्टिकची गाळणी घेऊन घरी गेल्या. असा प्रतिसाद परदेशातही मिळत नाही, असे तू तीनदा म्हणालास. त्या वेळी वस्तीतली सोजरबाई दारात उभी होती. दहा वर्षांपूर्वी नवरा गेला तिचा. मी म्हटले, आत ये. “नगं ताई, हळदीकुंकू हाय. बाया मनात धरत्यात.” ती गेली आणि मी मागच्या खोलीत चहा ढवळायला परतले. हे जाऊन तीन वर्षे झाली, तेव्हापासून अशा दिवशी माझी जागा तीच. तुमच्या डॉक्टरीणबाईंना चहा माझ्या हातचा आवडला. पडद्याआड मात्र मला कुणी बोलावले नाही. तूही नाही.

वय वाढते तसा या रोगाचा धोका वाढतो, हे तुझ्याच अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. वस्तीतल्या साठीच्या बायकांत कुंकू लावणाऱ्या किती, हे भाजीवालीला विचारले असतेस तरी कळले असते. पण भाजीवाली प्राध्यापक नाही.

या जानेवारीत सोजरबाई आली. छातीत लिंबाएवढी गाठ. “दुखत न्हवती, म्हून गप ऱ्हायले.” मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे बाकावर बसल्या बसल्या तिने विचारले, “ताई, तुमी सवताची बघितली का कवा?”

मी हसले. बायकांना हेच तर शिकवते ना मी. घरी आले आणि पाहिली.

लिंबाएवढी नाही. पण आहे.

आईला सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस. सोमवारी, दहा तारखेला ऑपरेशन आहे. सोजरबाईला डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता पाहू. मला तसे म्हणाले नाहीत, एवढाच काय तो फरक. भीती वाटते रे, श्रीधर. त्याहून जास्त राग येतो तुझा, आणि ते एका परीने बरे आहे, भीतीला फार वेळ मिळत नाही.

हे वाचून तू रडशील. लहानपणीही चटकन रडायचास आणि लगेच जेवायला बसायचास. रडू नकोस, काम कर. गाडी हलवण्याची शिफारस काढ. विधवांची तपासणी झालेली नाही, असे अहवालात स्वच्छ लिही. आणि त्यांच्या दारोदार जायला तू स्वतः ये. वाण न घेता.

आठ तारखेच्या आत नाही जमले, तरी हरकत नाही. मी समारंभाला येणार आहे. सोजरबाईलाही घेऊन येते, पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेव. आभाराच्या वेळी लोक चपला शोधत असतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा आवाज मोठा आहे, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या अहवालात नसलेली,
तुझी ताई