फ्राऊ डॉक्टरचा अर्ज

रविवार, ८ ऑक्टोबर २००६. लुडविग्सहाफेन

जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. डावीकडे अमेरिका, उजवीकडे जर्मनी, मध्ये लेकीचे, इराचे रंगीत खडू. त्यामुळे तिघंही सोफ्यावर ताटल्या मांडीवर घेऊन जेवलो.

नवऱ्याला, सुधीरला, कंपनीने विचारलंय, टेक्ससच्या प्लांटवर जाणार का. नाताळच्या आत उत्तर हवंय. तो म्हणतो, "तुला कुठे शिकायचंय ते आधी ठरव, मग मी हो-नाही सांगतो." चांगुलपणा म्हणायचा की सगळं माझ्या गळ्यात घालणं, कोण जाणे.

शिकायचं ऑस्टिओपथी, एवढं नक्की. पण मनूदादा (माझा मामेभाऊ, शिकागोत असतो) म्हणतो की तिथे ऑस्टिओपथीचं कॉलेज म्हणजे चक्क मेडिकल कॉलेज. बाहेर पडलीस की पूर्ण डॉक्टर, औषधं लिही, ऑपरेशनं कर. आणि इथे आमच्या क्लिनिकच्या मालकीणबाई, फ्राऊ केलर, म्हणतात तीसुद्धा ऑस्टिओपथीच, पण ती शनिवार-रविवारची शाळा. नोकरी सांभाळून पाच वर्षं, शेवटी हाताने उपचार करणारी ऑस्टिओपाथ. डॉक्टर नव्हे.

शब्द एक, प्रकरणं दोन. मी फिजिओथेरपिस्ट, वय तेहतीस, डोक्याचा भुगा.

बुधवार, ११ ऑक्टो.

नाशिकहून सासूबाईंचा फोन. सु.ने त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

"ऑर्थोपेडिक करतेयस म्हणे!"

"अहो आई, ऑर्थोपेडिक नाही, ऑस्टिओपथी."

"तेच गं. हाडांचंच ना? मी भिशीत सांगून टाकलं, सून हाडांची डॉक्टर होतेय." मग एकदम आवाज खाली. "हाडवैद्य नव्हे ना?"

नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, इथल्या शाळेचं मराठीत वर्णन करायचं तर हाडवैद्य हाच शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण भिशीत तो चालणार नाही.

शनिवार, १४ ऑक्टो.

राइन नदीपलीकडे मानहाइमला शाळेच्या माहिती-दिवसाला गेले. फिजिओ लोकांचा वर्ग पाच वर्षांचा, डॉक्टर लोकांचा वेगळा आणि बराच छोटा. त्यांची खोली वर, आमची खाली. कॉफी मात्र एकच.

"आल्झो, तर मग कोण येतंय पुढे?" मास्तर म्हणाले. कोणी हलेना, म्हणून मी गेले. त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दहा मिनिटं गप्प. इतकं गप्प की माझ्या पोटातली गुरगुर सगळ्यांना ऐकू गेली असेल. काही जाणवतंय का, विचारलं. मी "या" म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये हो. समोरच्याचा मान राखायचा म्हणून. खरं तर काहीच जाणवत नव्हतं.

परत येताना ट्रॅममध्ये लक्षात आलं, मान दुखत नाहीये. सहा महिन्यांत पहिल्यांदा. आता हे त्यांच्या हातांमुळे की दहा मिनिटं कोणी मला काही विचारलं नाही त्यामुळे?

रविवार, २२ ऑक्टो.

मनूदादाने पाठवलेली अमेरिकन कॉलेजांची यादी गाळून तीनवर आणली. एक म्हणतं परदेशी पदवी चालणार नाही. एक म्हणतं चालेल, पण आधी अमेरिकेत दोन वर्षं सायन्सचे विषय करा आणि मग प्रवेश परीक्षा द्या. तिसऱ्याने उत्तरच दिलेलं नाही, म्हणून ते मला सगळ्यात चांगलं वाटतंय.

मानहाइमचा फॉर्म सु.ने भरला. माझ्या अक्षरावर त्याचा विश्वास नाही. मी थालीपीठं लावत होते, तो माझी पुण्याची जुनी सर्टिफिकेटं समोर घेऊन ठळक कॅपिटल अक्षरांत लिहीत होता. मी पिठाच्या हाताने सही केली. उद्या पोस्टात.

गुरुवार, २ नोव्हें.

शाळेचं पत्र आलं. वरच लिहिलंय, "सन्माननीय फ्राऊ डॉक्टर".

माझी निवड डॉक्टरांच्या वर्गात झालीय. मार्चपासून. फक्त आप्रोबात्सिओनची प्रत पाठवा म्हणे, म्हणजे डॉक्टरकीचा सरकारी परवाना.

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा पहिलीच ओळ.

मग फॉर्मची झेरॉक्स शोधली. नावाआधी एक चौकोन, "टिटेल", म्हणजे उपाधी. त्यात सु.च्या सुंदर अक्षरात DR. पुण्याच्या हॉस्पिटलने मला दिलेल्या पत्रावरून जसंच्या तसं उतरवलेलं. तिकडे आम्हा सगळ्या फिजिओंना डॉक्टरच म्हणतात. पेशंट म्हणतात, वॉर्डबॉय म्हणतात, लेटरहेडवर छापतात. इथे नावामागे खोटं डॉक्टर लावणं हा गुन्हा आहे. गेनाऊ, अगदी तसंच. गुन्हा.

शनिवार, ४ नोव्हें.

भांडण.

"तू टिटेलमध्ये डॉक्टर का लिहिलंस?"

"मग काय लिहू? श्रीमती?"

"मी डॉक्टर आहे का?"

सु.ने उलट विचारलं, "नाहीयेस?"

लग्नाला नऊ वर्षं झाली. याला खरंच वाटत होतं, आपली बायको डॉक्टर आहे. एमबीबीएसवाली नव्हे, पण "एक प्रकारची". लग्नाच्या पत्रिकेवर होतं ना, म्हणाला. होतं. माझ्या बाबांनी छापलं होतं. मी तेव्हा काही बोलले नव्हते.

इरा खडू घेऊन बसली होती. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. "मामा, डू बिस्ट डोख काइने एर्त्सटिन." आई, तू तर डॉक्टर नाहीचेस. पाच वर्षांच्या मुलीला माहीत, आणि इंजिनिअरला नाही. हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

मंगळवार, ७ नोव्हें.

अजून शाळेला कळवलेलं नाही. आज फ्राऊ केलरनी विचारलं, पत्र आलं का? नाही म्हणाले. धडधडीत खोटं.

का कळवत नाही, ते इथे लिहायला हरकत नाही. पत्र पर्समध्ये आहे आणि अधूनमधून काढून बघते. बारावीला दोन मार्कांनी मेडिकल हुकलं. बाबा म्हणाले होते, "असू दे." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही, थेट पत्रिकेवर DR. आणि आता हे पत्र, सही-शिक्क्याचं. लाज वाटते. छानही वाटतं. छान वाटतं याची जास्त लाज वाटते.

शुक्रवार, १० नोव्हें.

केला फोन. वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली होती. तरी अडखळलेच.

ऑफिसातल्या बाई शांत होत्या. "आल्झो, तुम्ही डॉक्टर नाही."

"नाही. आमच्याकडे म्हणायची पद्धत आहे."

"तशी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. लिहून घेत असाव्यात. मग अगदी सरळपणे, "मग तुम्ही आहात तरी कोण?"

त्यांना वर्ग बदलायला माहिती हवी होती, बाकी काही नाही. मी म्हटलं, फिजिओथेरपिस्ट. जर्मनमध्ये हा शब्द बराच लांब आहे, म्हणता म्हणता मध्येच आवाज फाटला.

वर्ग बदलून मिळेल. तक्रार वगैरे काही नाही, नवा फॉर्म पाठवतायत. नाताळनंतरच्या आठवड्यापर्यंत जागा राखून ठेवणार.

हलकं वाटायला हवं होतं. दुपारभर सगळ्यांवर खेकसत होते.

रविवार, १९ नोव्हें.

तिसऱ्या अमेरिकन कॉलेजने उत्तर दिलं: नाही. म्हणजे उरलं एकच, दोन वर्षं सायन्सवालं. मनूदादा फोनवर उत्साहात. "जमेल गं तुला! दोन वर्षं ते, चार वर्षं कॉलेज, पुढे रेसिडेन्सी." मी बोटांवर मोजलं. डॉक्टर होईन तेव्हा चाळिशी ओलांडलेली असेल. इरा वयात आलेली.

सु. म्हणतो, "चाळीसची तर तू तशीही होणारच आहेस." हे वाक्य मला धीर द्यायला होतं असं नंतर कळलं.

मग मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं, डॉक्टर-चौकोनाचंही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रिकेवर मी हौसेने छापलं होतं. तुला आवडलं नव्हतं का?"

"आवडलं होतं बाबा."

"मग झालं तर."

काय झालं? काहीच झालं नाही. दोघांनाही आवडलं होतं, एवढंच कळलं.

शनिवार, २ डिसें.

आज मी ठाम आहे: मानहाइम. कारणं: हातातलं काम सोडायचं नाही, इराची शाळा, मान.

शनिवार, २ डिसें., संध्याकाळ

ठाम नाही. आमच्याकडे जेवायला आलेल्या केमिस्ट जोडप्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाला, "ती फिजिओथेरपिस्ट आहे." नीट, बरोबर, शिकवल्यासारखं. मला त्याचा इतका राग आला. त्याने काय चूक केली?

रविवार, १७ डिसें.

उद्या सकाळी सु. साहेबाला उत्तर देणार.

मानहाइमचा फॉर्म भरून तयार आहे, या वेळी माझ्या अक्षरात. अमेरिकन अर्जाला एक पानाचा निबंध हवाय: तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय. इंग्लिशमध्ये सुचेना म्हणून आधी मराठीत लिहिला. पान भरलं. वाचलं तर सगळं पान बारावीचं. पेशंट एकही नाही.

दुसऱ्या पानावर परवाच्या बाई लिहिल्या. खांदा आखडलेला, चार महिने त्यांचे केस मुलगी विंचरायची. परवा त्यांचा हात वर गेला, त्यांनी माझ्याच पर्समधला कंगवा मागितला आणि आरशासमोर उभं राहून भांग पाडला. वाकडा. मग मोडून पुन्हा पाडला. मी नुसती बघत होते. आयुष्यात मला याहून जास्त काही हवं असेल असं त्या वेळी वाटलं नाही. हे पान छान झालंय, पण त्यात डॉक्टर हा शब्द कुठेच नाही.

सु.ला दोन्ही वाचायला दिली. सावकाश वाचली त्याने, चष्मा लावून.

"पहिलं वाचून वाटतं, हिला डॉक्टर करायलाच हवं," म्हणाला. "दुसरं वाचून वाटतं, हिला कशाला करायचं?"

"मग?"

"मग तूच सांग. उद्या नऊला विचारणार आहेत मला."

दोन्ही पानं त्याच्याकडून काढून घेतली. तिसरं पान समोर ओढलंय. त्यावर "मला" एवढं लिहून झालंय. सु. समोर बसून आहे, संत्रं सोलतोय, घाई करत नाही. इरा त्याच्या मांडीवरून वाकून विचारतेय, पुढे काय लिहिणार. खरंच विचारतेय. आज चक्क मराठीत.