एकसष्टाव्या पानावरची छत्री

परळ,
८ जानेवारी २०२४

ती. मृणालिनीआत्यास,
मनूचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलेनाशी झालीस म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड स्केचपेनने लिहिते आहे. अक्षर दुकानाच्या पाटीएवढं आहे, तेव्हा दिसलं नाही म्हणू नकोस. डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलो तर काढणं अवघड जाईल. डाव्यानं तुला आधीच काही दिसत नाही. एवढंच सांगते.

दुसरी बातमीही चांगली नाही. तुझ्या गल्लीतलं वाचनालय बंद झालं. पुस्तकं रद्दीत चालली होती, म्हणून रहस्यकथांचा एक खोका उचलून आणला. तू वाचायचीस तेव्हा मी नाक मुरडायचे, आठवतं? आता ऑफिसातून आल्यावर जड काही हातात धरवत नाही. परवा ‘तेराव्या लॉकरची किल्ली’ सहज उघडलं आणि भात करपला. पहिलं प्रकरण तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात उतरवून सोबत पाठवते. सराफाचा खून झालाय, माझा संशय त्याच्या गोडबोल्या मेहुण्यावर आहे.

फोन नाही तर पत्र तरी घेशील, या आशेवर,
तुझी मनू


ठाकूरद्वार,
१७ जानेवारी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक करपलेल्या भाताला.

तुझं पत्र परळहून यायला पाच दिवस लागले. मी चालत येऊन घेऊन गेले असते. पट्टी ठेवून लिहिते आहे, ओळी घसरल्या तर सावरून वाच.

मेहुण्याला सोड. पहिल्याच प्रकरणात गोड बोलणारा खुनी नसतो, एवढं मी चाळीस वर्षांत शिकले आहे.

ऑपरेशनचं एकदाच लिहिते, मग तो विषय नको. शहाण्णव साली तुझ्या बाबाला डोळ्याच्या ऑपरेशनला मीच हात धरून नेलं होतं. तो नको नको म्हणत होता. त्याचा एक डोळा कायमचा गेला. घरी आल्यावर रमाकांत मला म्हणाला, ताई, माझं वाचणं संपलं. तो जाईपर्यंत मी त्याच्या हातात पुस्तक पाहिलं नाही. मग मी कुठल्या तोंडानं माझा डोळा बरा करून घेऊ?

हे पुस्तक मी वाचलेलं आहे का, ते मात्र बघ. या रहस्यकथांची नावं सगळी सारखीच, म्हणून आम्ही भावंडं एकसष्टाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खूण करायचो. माझी पणती, त्याची छत्री. आपली खूण दिसली की पुस्तक परत फळीवर.

वाचलेलं असलं तरी दुसरं प्रकरण पाठव.

रागावू नकोस, माया आहेच.
आत्या


परळ,
२५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

एकसष्टावं पान उघडलं. पणती आहे. तिच्या उजवीकडे छत्रीही आहे.

मग पुस्तक वाचनालयात दाखल झाल्याचा शिक्का पाहिला. १२ ऑगस्ट १९९९. बाबांच्या ऑपरेशनला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सगळा खोका जमिनीवर ओतला. शहाण्णवनंतरच्या चौदा पुस्तकांत छत्री आहे, आणि प्रत्येक वेळी तुझ्या पणतीच्या नंतर. तू परत केलेलं पुस्तक बाबा घ्यायचे. तू खूण केलेलं पुस्तक पुन्हा उघडणार नाहीस हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मलाही यातलं काही माहीत नव्हतं. आपण सगळे तुझ्या वाडीत राहायचो तेव्हा रविवारी ते पाय मोकळे करायला म्हणून जायचे ते दिवेलागणीलाच यायचे. आई म्हणायची, पाय किती मोकळे करायचे. आता कळतं, वाचनालयातल्या बाकावर बसत असणार. रागाच्या भरात तुला ते वाक्य बोलून गेले, आणि मागे घ्यायची लाज वाटली. आपल्या घरात बोललेलं मागे कुणी घेतलंय का?

एका डोळ्यानं चौदा खुनी शोधले गं त्यांनी. छत्रीची मूठसुद्धा नीट वळवलेली आहे.

दुसरं प्रकरण सोबत.
तुझी मनू


ठाकूरद्वार,
४ फेब्रुवारी

चि. मनूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. लबाड मेला. तो आला की मी पुस्तक उशीखाली सारायचे, त्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि हा तेच पुस्तक पुढच्या आठवड्यात बाकावर बसून वाचणार. आधी खूप हसू आलं. मग उगाच उशीखाली हात घालून पाहिला.

तिसरं प्रकरण उतरवू नकोस. पुस्तकच घेऊन ये, आणि येताना डॉक्टरांची तारीखही. भीती गेलेली नाही. तू हात धर.

तुझी वाट बघत,
आत्या


ठाकूरद्वार,
१६ मार्च

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद. ओळी सरळ आहेत का बघ, पट्टी घेतलेली नाही.

डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली त्याच दुपारी पुस्तक घेऊन बसले. समोरच्या गॅलरीतल्या साडीचे काठसुद्धा दिसतात, पण बघायला वेळ कुणाला होता. खुनी मेहुणाच निघाला. माझा चाळीस वर्षांचा अनुभव पाण्यात. हे तू कुणाला सांगू नकोस.

एकसष्टाव्या पानावर छत्रीच्या उजवीकडे आणखी एक पणती काढली आहे. त्याच्यानंतर पुस्तक माझ्या हाती आलं, असं शहाण्णवनंतर पहिल्यांदाच झालं.

पुस्तक परत पाठवते, आत पेन्सिल ठेवली आहे. तूही वाचलंस, आणि पानावर तुझी खूण नाही. काय काढायचं ते ठरव. कोपऱ्यात अजून जागा आहे.

पुढचं पुस्तक घेऊन ये. फोनही केलास तर उचलीन.

तुझी,
मृणालिनीआत्या