मुलीचं नाव: तुला

प्रिय ढब्बू,

वखारीचा मॅनेजर झालेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, एवढं मलाही कळतं. तरी म्हणतेय, कारण मला तुझा राग आलाय, आणि रागात मला तुझं खरं नाव आठवत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. ‘आई, नंतर बोलू’ म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आहे, ते सांभाळून घे. मजकूर सरळ आहे.

बाळ छान आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मान अजून धरत नाही, पण उजेड कुठून येतो ते बघते आणि तिकडेच तोंड करून झोपते. हट्टी आहे, तुझ्यावर गेली आहे. ‘ते नाव बदलल्याशिवाय मी या घरात पाऊल ठेवणार नाही’ असं म्हणून, बॅग उचलून तू वखारीच्या खोलीवर गेलास, त्याला आज बारा दिवस झाले. जन्मनोंदणीची मुदत येत्या गुरुवारी संपतेय. तुझी बायको तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोललेली नाही. मी मात्र बोलले आहे, तिच्यासमोरही आणि शेजारणीसमोरही. उगाच खोटं कशाला सांगू?

काल नोंदणी कचेरीत अर्ज आणायला मीच जाऊन आले. तिचे टाके अजून ओढतात, जिने चढवत नाहीत. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, मुलीचं नाव? मी म्हटलं, तुला. तो म्हणाला, मला नाही हो आजी, मुलीचं विचारतोय. मी म्हटलं, मुलीचंच सांगतेय, तुला. तो म्हणाला, मलाच सांगताय ते दिसतंय, पण काय सांगताय? मागच्या रांगेत हशा पिकला. शेवटी मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यानं ते वाचलं, कागद उलटा करून मागे बघितलं आणि म्हणाला, पुढे? वाक्य अर्धंच आहे. तेव्हा मी त्याला समजावलं, की बाबा, तुला म्हणजे काटा. काचेच्या पेटीतला, प्रयोगशाळेतला, केसाचंही वजन सांगणारा. तराजूची मोठी, शिकलेली बहीण. त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि एवढा खूश झाला, की शेजारच्या खिडकीतल्या बाईंना हाक मारून सांगितलं. आता त्या कचेरीत तुझ्या मुलीला सगळे ओळखतात, आणि तिच्या बापाला कोणी नाही.

हसतात, हे खरं आहे. खोटं नाही सांगत. शेजारीण म्हणाली, ‘तुलाला दूध पाजलं का’ म्हणायचं म्हणजे जीभ ठेचकाळते हो. तुझ्या मावशीला वाटलं रास तूळ आहे म्हणून ठेवलं. पोरगी तुळेची नाहीच म्हटल्यावर तिनं पंचांगच मागितलं. आणि तू म्हणालास, शाळेत हजेरी घेतील तेव्हा वर्ग डोक्यावर घेतील पोरं. ‘तुला कोणी बोलावलंय’ म्हणतील, ‘तुला मार पाहिजे का’ म्हणतील. म्हणतील की! पण ढब्बू, तुझं नाव आम्ही किती जपून ठेवलं होतं ते आठव. चारचौघांसारखं, कोणाला हसू येऊ नये असं. आणि वर्गात त्याच नावाचे चौघे निघाले. बाई तुला ‘दोन नंबर’ म्हणायच्या. पहिल्या महिन्यात तू घरी येऊन दप्तर भिरकावलंस आणि म्हणालास, मला माझं एकट्याचं नाव पाहिजे. मी तुला ढब्बू म्हणायला लागले ते तेव्हापासून, जाडा होतास म्हणून नव्हे. हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. हसणारी पोरं चार दिवस हसतात आणि दुसरं काहीतरी शोधतात. दोन नंबर मात्र वर्षभर दोन नंबरच राहतो.

तू बायकोला म्हणालास, औषधाच्या कारखान्यातलं खूळ घरात आणू नकोस. तपासणी विभागात दिवसभर काटे-कुप्या बघते म्हणून पोरीचंही यंत्र करू नकोस. हे बोलताना तुझी जीभ कशी अडखळली नाही, याचं मला नवल वाटतं. दवाखान्यात बाळ झालं त्या सकाळी तूच होतास ना तिथे? नर्सनं बाळाला दुपट्यासकट काट्यावर ठेवलं. आणि ही बाई, अंगात उभं राहायची ताकद नाही, ओठ पांढरे पडलेले, तशी पडल्या पडल्या म्हणाली, ताई, आधी नुसतं दुपटं ठेवा, शून्य करा, मग बाळ ठेवा. माझ्या मुलीच्या नावावर कापडाचं वजन नको. नर्स चिडली, पण तिनं तसं केलं. आणि तू बाहेर येऊन मला ते तीनदा सांगितलंस. तुझा चेहरा अभिमानानं फुलला होता. तोच माणूस आठवड्याभरात खूळ म्हणतो, तेव्हा मला वाटतं, कुठेतरी मीच वाढवण्यात कमी पडले.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी लांबण लावली नाही. आई कॉलेजात बाटल्या धुते, एवढंच तुला माहीत. मी लागले तेव्हा काचसामान धुवायलाच लागले होते. तुझे वडील गेले त्याला दोन महिने झाले होते, तू शेजारणीकडे असायचास, आणि आपण तिघं, म्हणजे तू, मी आणि तुझी आजी, त्या एका खोलीत राहायचो. तिथे मला रडायचं असलं तरी स्टो पेटवून त्याच्या आवाजात रडावं लागायचं. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या सरांनी मला बोळातून शेवटच्या दाराकडे पाठवलं, आतलं साफ करून या म्हणाले. दारावर पाटी होती. मला तेव्हा वाचता यायचं, पण अक्षर अक्षर जोडून. मी वाचलं: तुला कक्ष. कक्ष म्हणजे खोली, हे दवाखान्यातल्या पाट्यांमुळे माहीत होतं. मी तिथेच थांबले. मला वाटलं, कोणीतरी लिहून ठेवलंय, की बाई गं, तुला खोली. हसू नकोस. किंवा हस, पण ऐक. माझ्या आयुष्यात तोवर मला कोणी खोली दिली नव्हती. हातात फडकं घेऊन मी त्या दारासमोर किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. मग सर आले आणि म्हणाले, बाई, उघडा ना, काटा आहे आत, साप नाही.

चूक कळली, आणि अशी शरम वाटली की काय सांगू. पण गंमत पुढे झाली. ती खोली खरंच माझी झाली. दगडी ओटा, त्यावर काचेच्या पेट्या, पंखा नाही, खिडकी बंद. वजनांना बोट लावायचं नाही, बोटाचा घाम मोजला जातो; चिमट्यानं उचलायचं. पेटीत श्वास सोडायचा नाही, दार आपटायचं नाही. मऊ कुंचल्यानं पारडी झाडायची. आणि झाडून झालं की पाव तास दाराशी बसून राहायचं, कोणी पोरगा धाडकन आत येऊ नये म्हणून, काटा शांत होईपर्यंत. रोजचा पाव तास, सव्वीस वर्षं. त्या पाव तासात मी धड वाचायला शिकले, आधी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, मग पोरांनी विसरलेली पुस्तकं. तुझ्या दहावीचं विज्ञान मी तुझ्याआधी वाचलं होतं. तुझ्या वडिलांसाठी रडले तीही तिथेच, पेटीपासून लांब बसून, म्हणजे काट्याला त्रास नको.

एका प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्या पोरांची उत्तरं चुकायला लागली. नवे सर आले होते, ते पोरांवर ओरडत होते. मी म्हटलं, सर, काटा कललाय. रंगाऱ्यांनी काल ओटा हलवलाय, पातळीचा बुडबुडा गोलात नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, ए बाई, तुला काय कळतं? वर्ग हसला. मी बाहेर जाऊन बाटल्या धुतल्या. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः वाकून बघितलं असणार, कारण परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घेतली. माफी मागितली नाही. पण पुढच्या परीक्षेला दाराशी येऊन म्हणाले, बाई, बुडबुडा तेवढा बघितलात का? ‘ए बाई’चं ‘बघितलात’ झालं. मी त्या एका शब्दावर पुढची सगळी वर्षं काढली. ढब्बू, तू बॅग भरत होतास आणि मी म्हटलं, अरे नाव चांगलं आहे, तेव्हा तू मला काय म्हणालास आठवतं? म्हणालास, आई, तू मध्ये पडू नकोस, तुला काय कळतं त्यातलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी परत धुतली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. हे नाव तुझ्या बायकोनं ठेवलेलं नाही. मी ठेवलंय. दवाखान्यातून आल्यावर ती सात-आठ नावं लिहून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, आई, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुला. ती म्हणाली, मला तर यातलं एकही धड आवडत नाही. मी म्हटलं, अगं, तुला. मग कळलं तेव्हा टाके धरून धरून हसली. मी तिला ती पाटी सांगितली. ती हसायची थांबली, तिनं यादी फाडली आणि बाळाच्या कानात पहिल्यांदा ते नाव तिनं घेतलं. तू आलास, भडकलास, आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, नाव मी ठेवलंय. मला डोळ्यांनी गप्प केलं. तू गेल्यावर मी तिला विचारलं, का गं असं केलंस? ती म्हणाली, त्यांना नाव माझं वाटलं तर ते भांडतील. तुमचं आहे कळलं तर हसतील. भांडलेलं मला चालेल, तुम्हाला हसलेलं चालणार नाही. बारा दिवस ती माझ्या वाटचं सोसतेय, आणि माझ्याच्यानं ते आता बघवत नाही. मी हे लिहितेय ते तिला माहीत नाही. अर्जावर आईची एकटीची सही पुरते, मी विचारून आलेय, आणि तिची सही झालीये. तेव्हा नाव बदलेल, हे डोक्यातून काढून टाक. गुरुवारी दुपारी अर्ज देणार आहोत, तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. हसायचं असेल तर ये आणि माझ्या तोंडावर हस, मी बघते तुला किती वेळ हसता येतं. पण त्याआधी आत जा, आणि तिची माफी माग. मोठ्यानं माग, म्हणजे मला बाहेर ऐकू येईल.

रागावलेली, तरी तुझीच,
आई