निम्मी बांदी बहिणीची

मी, श्रीहरी देवाजी बुरांडे, वय ५४, धंदा अर्जनवीस, राहणार चामोर्शी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो लग्नापासूनचा असल्याने कायदा त्याची दखल घेत नाही.

एक. राहते घर मी कमाईतून बांधले. ते पत्नी चंदा हिला. मुलगा अजय याने तिच्या हयातीत ते विकण्याची भाषा करू नये. केली तर तिने त्याला जेवायला वाढून मग नाही म्हणावे.

दोन. बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी अजय आहे. तीस वर्षे लोकांना सांगतो तेच त्याला सांगतो : नॉमिनी म्हणजे धानाचा राखणदार, धान त्याचे नसते. ठेव चंदा आणि मुलगी करिष्मा यांना सारखी.

तीन. टाइपरायटर लोकेश वकिलांना. त्यांनी माझ्या अर्जांतल्या चुका भर कचेरीत वाचून दाखवल्या आहेत. या यंत्राचा 'र' उमटत नाही. आता त्यांनी लिहून दाखवावे.

चार. आता धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत. ती वडील देवाजी यांची. ते २००६ साली वारले, आई आधीच गेली होती. वारस दोन : थोरली बहीण धुरपता आणि मी. मी तलाठ्याकडे दिलेल्या प्रतिज्ञापत्रात लिहिले, 'वारस एकच, मुलगा.' अक्षर माझे, मसुदा माझा. लोक बहिणीकडून साडीचोळी देऊन हक्कसोड लिहून घेतात. मी तेही केले नाही, कारण सही मागायची तर ती वारस आहे हे आधी कबूल करावे लागते. धुरपताही बोलली नाही. हिस्सा मागितला की माहेर तुटते, असे आमच्याकडे बायका धरून चालतात आणि भाऊ त्यांना धरून चालू देतात.

तिचा नवरा जंगलात मोहाची फुले वेचताना वाघाने मारला. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. निराधार पेन्शनसाठी ती दरवर्षी सरकारला हयातीचा दाखला देते. मी मात्र एकाच कागदात ती जन्मलीच नाही असे सिद्ध करून ठेवले.

यंदा अजयने बांदी प्लॉट पाडणाऱ्याला द्यायचे ठरवले. धुरपता नको म्हणाली. त्याने विचारले, "आत्या, सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठी आहे, दाखवा ना."

दुसऱ्या दिवशी तांदूळ पाखडता पाखडता ती मला म्हणाली, "मले जमीन नको, श्रीहरी. मी बाबाची पोरगी आहो का नाई, तेवढं सांग."

मी तोंडी उत्तर दिले नाही. आमच्या धंद्यात तोंडी बोलण्याला किंमत नसते. लेखी देतो : आहेस.

म्हणून निम्मी बांदी मी धुरपताला देत नाही. जी माझी नाही ती देणारा मी कोण? ती तिचीच आहे, एकोणीस वर्षे मी ती पिकवून खाल्ली. माझी निम्मी अजयला, तीही आत्याचा हिस्सा मोजून वेगळा झाल्यावर. त्याने हरकत घेतली तर करिष्माला.

पाच. शेजारी गुणवंतराव दरवर्षी आमचा बांध वीतभर सरकवतात. त्यांना मी माफ केलेले नाही. साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले, कारण त्यांनी माझ्या भल्यासाठी सही केली असे कोणी म्हणणार नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून घरच्यांच्या सह्या नाहीत.

सहा. धुरपताने माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या सोमवारी तिला घेऊन मी तहसीलमध्ये जाईन आणि माझे प्रतिज्ञापत्र खोटे होते असा अर्ज स्वतः देईन. त्यापायी शिक्षा झाली तर ती मी भोगीन. ती वारसांकडे जात नाही.

आम्हां दोघांसमोर श्रीहरी यांनी सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. गुणवंतराव सोमनकर (बांधाचा मजकूर मान्य नाही, सही मान्य)
२. सुगंधाबाई मडावी, निवृत्त शिक्षिका

श्रीहरी देवाजी बुरांडे
चामोर्शी, १४ जून २०२५