उल्काधराला मामा नाही

मु. कुरुंदा, ता. वसमत, जि. परभणी
१४ एप्रिल १९७७

ती. दादास,

पंचफुलाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तू आणि वहिनी कसे आहात ते कळवावं, असं मागच्या पत्रांतही लिहिलं होतं. कळवलं नाहीस. असो, आज तक्रार करायला बसलेले नाही. तीन चित्रकथा वाचून झाल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलायला ह्या घरात माणूस नाही, म्हणून लिहिते.

हळद शिजवून झाली. आता अंगणभर वाळत पडली आहे आणि राखण माझ्याकडे आहे. शेळ्या हाकायच्या आणि मधूनमधून वाचायचं. आमचे हे माल घेऊन हिंगोलीला गेले की स्टेशनवरच्या स्टॉलवरून उल्काधराचा नवा अंक घेऊन येतात. सासूबाईंना वाटतं, पोरासाठी आणतात. पोराला अजून 'ग' की 'म' कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायचं आहे.

पहिली, 'बर्फाचं नगर'. चित्रं छान आहेत, पण छापताना रंग घसरलेत. लाल रंग ओठांवर पडायचा तो हनुवटीवर पडलाय, त्यामुळे ती शहरातली पोरगी पान खाऊन ओघळ आल्यासारखी दिसते. खलनायक शास्त्रज्ञ आहे, अख्खं शहर गोठवायला निघालाय. उल्काधराला खांबाला बांधतो आणि मग काय करतो? चार पानं बोलत बसतो. माझं यंत्र इथं आहे, त्याची कळ तिथं आहे, ती डावीकडे फिरवली की सगळं संपलं. अरे बाबा, आधी कळ फिरव, मग बोल! आमच्याकडचे शेळीचोर बरे, तोंडातून अवाक्षर काढत नाहीत.

दुसरी, 'समुद्राखालचा शत्रू', मला बिलकुल आवडली नाही. उल्काधर पाण्याच्या तळाशी लढतोय आणि त्याच्या पाठीवरची झूल वाऱ्यावर उडावी तशी फडफडतेय. पाण्यात! विहिरीत एकदा जरी उडी मारली असती, तर चित्रकारानं असं काढलं नसतं. मी तर म्हणते, उल्काधर पाण्यात उतरला की गोष्ट बिघडतेच. जुन्या अंकात तो तळ्यात उतरला होता, ती गोष्टही भिकारच होती.

हे वाचून तुझं डोकं तापलं असणार. ती तुझी सगळ्यात आवडती, मला ठाऊक आहे. मुद्दाम लिहिलं. खुशालीच्या पत्राला तू उत्तर देत नाहीस, पण उल्काधराबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर तुला राहवत नाही. लहानपणी तू वाचून दाखवताना शेवटच्या पानावर पंजा ठेवायचास आणि मी तुझी बोटं उचकटायला बघायचे. कधी जमलं नाही.

तू अजूनही वाचतोस, हे कळलं मला. भागूबाई कासारीण कळमनुरीहून बांगड्या घेऊन आमच्याकडे येते. तीच म्हणाली, "तुझा भाऊ हाय तसाच हाय बाई. सायकलीचं दुकान उघडून बसतो, अन् गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत न्हाई. चित्राचं पुस्तक वाचून राहतो." मला इतकं बरं वाटलं, की नको असलेल्या बांगड्या घेऊन बसले. हिरव्या आहेत आणि सैल होतात.

तिसरी, 'हरवलेला मुखवटा'. ही चांगली आहे. उल्काधर दिवसा बाजारात घड्याळं दुरुस्त करतो, हे तुला सांगायला नको. ज्या पोरीला त्यानं कितीदा मरणाच्या दारातून आणलं, तीच बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात येते, त्याच्याशी हसून बोलते, आणि तिला ओळख पटत नाही. ह्यावरून मी तुझ्याशी किती भांडायचे! नाक तेच, आवाज तोच, नुसता मुखवटा काढला म्हणून माणूस ओळखू येऊ नये? खोटं आहे हे, म्हणायचे. आता नाही म्हणत. माझ्या लग्नात हेच झालं.

हा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते. निघालाच आहे तर निघू दे.

लग्न इकडच्या दारी होतं. मुलीकडच्या माणसानं मान घेऊन बसायचं असतं, पण तुला बसवतंय कुठं? वाढपी कमी पडले तसा तू नवा सदरा काढून ठेवलास आणि बनियनवर वरणाची बादली उचललीस. फेटे बांधायची वेळ आली तेव्हा मामंजींनी आपल्याकडच्या एकेकाला बोलावलं. चुलत्यांना, मामांना, अगदी सोबत आलेल्या शेजाऱ्यालासुद्धा. तू त्यांच्यासमोर उभा होतास. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ए पोरा, तिकडल्या पंगतीत वरण फिरव." तू फिरवलंस. सगळ्या पंगतीत फिरवलंस. मग बादली खाली ठेवलीस आणि न जेवता सायकलवर बसून निघून गेलास. मी बोहल्यावरून बघत होते. नवरीला हाक मारता येत नाही, दादा.

मामंजींना चूक कळली तेव्हा तू अर्ध्या वाटेवर असशील. माणूस वाईट नाही. अजूनही हळदीच्या ढिगाशी बसले की मध्येच म्हणतात, "सूनबाई, म्या आचाऱ्याचा माणूस समजलो गं त्याला. म्या स्वतः जाऊ का कळमनुरीला?"

मीच जाऊ दिलं नाही. ते गेले असते, हात जोडले असते, तू चहा पाजला असतास, दोघांचा मान राहिला असता. माझं काय? तू रुसलास त्यांच्यावर आणि तोंड फिरवलंस माझ्याकडून. मला तू माझ्यासाठी यायला हवा आहेस. मामंजींनी बोलावलं म्हणून नको.

आता खरं ते लिहिते. नरसिंग पाच वर्षांचा झाला आणि त्याचं जावळ अजून काढलेलं नाही. पहिले केस मामाच्या मांडीवर बसूनच काढायचे, आणि मामा तर आलाच नाही. दर उन्हाळ्यात घरचे म्हणतात, शेजारचा सोनाजी तुला बहीण मानतो, त्याच्या मांडीवर बसवू. दर उन्हाळ्यात मी म्हणते, थांबा, माझा भाऊ येणार आहे. लेकराच्या दोन वेण्या कंबरेपर्यंत आल्यात. पोरं त्याला नरसिंगबाई म्हणून चिडवतात. उन्हानं डोक्यात फोड आलेत, विंचरताना ओरडतो. जूनमध्ये त्याला शाळेत घालायचं आहे.

परवा मी त्याला तिसऱ्या अंकातली चित्रं दाखवत होते. त्यानं विचारलं, "माय, उल्काधराला मामा हाय का?"

"न्हाई रे. आभाळातून एकटाच पडला तो."

"मंग त्याचे केस कोणं काढले?"

एवढ्या चित्रकथा वाचल्या आपण, आपल्या कधी डोक्यात आलं का हे? मी हसायला लागले. तोवर तो म्हणाला, "माझा मामा बी आभाळात ऱ्हातो का?"

"न्हाई. कळमनुरीला."

"ते लई लांब हाय का?"

सकाळच्या एसटीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला इथं पोचतो. मला रडू आवरलं नाही. सासूबाईंनी विचारलं तर हळदीचा हात डोळ्याला लागला म्हणाले.

वैशाख लागला की पहिल्या बुधवारी जावळ काढायचं ठरलं आहे. ह्या खेपेला मी हो म्हटलं. लेकराची तकलीफ बघवत नाही आता. तू आला नाहीस तरी न्हाव्याला परत पाठवणार नाही. सोनाजी चांगला आहे, पण त्याच्या मांडीवर मी नरसिंगला बसवणार नाही. मी स्वतः पाटावर बसेन आणि त्याला मांडीवर घेईन. बाईनं तिथं बसायचं नसतं, सासूबाई बोलतील, गाव हसेल. हसू दे. ती जागा तुझी आहे, परक्याला मी ती देणार नाही.

पण दादा, मला त्या पाटावर बसायचं नाही. मला उंबऱ्यात उभं राहून तुम्हा दोघांना बघायचं आहे.

उत्तर लिहू नकोस, ते पोचेपर्यंत बुधवार निघून जायचा. वहिनीला घेऊन ये. आणि घरून जेवून निघू नकोस. तू येईपर्यंत मीही थांबेन.

तुझी,
पंचफुला